औंधच्या संग्रहालयाची निवड कोणाच्या नजरेनं करायची?

सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या औंध गावी, मूळपीठाच्या डोंगरावर यमाईचं देऊळ आहे आणि त्याच डोंगराच्या चढावर श्री भवानी संग्रहालय. या संग्रहालयाविषयी बोलणं निघालं की लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं, की एवढी मोलाची चित्रं आणि शिल्पं आडगावात ठेवून काय साधतं? त्यातली निवडक मुंबई-पुण्याला न्यावीत, तिथं चार लोक बघतील, नीट जपलीही जातील. दुसरा तट म्हणतो, गावचं वैभव गावातच राहील, एक चौकटही हलणार नाही. वाद तावातावानं होतो, पण वैभव म्हणजे काय असं विचारलं तर दोन्हीकडून तीच दोन नावं येतात: चित्रकार राजा रविवर्मा आणि इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर. एकाला ती दोन नावं शहरात हवी आहेत, दुसऱ्याला गावात. बाकीच्या हजारो वस्तूंबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. औंधचा संग्रह औंधातच राहिला पाहिजे. त्यातलं निवडक लोकांपुढं नीट मांडलंही पाहिजे. मात्र ती निवड प्रसिद्ध नावं पाहून केली, तर संग्रह जागेवर राहूनही हातचा जाईल.

हे संग्रहालय कोणी आणि कशासाठी उभं केलं ते आधी पाहू. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये औंधच्या गादीवर आले. संस्थान जेमतेम बहात्तर गावांचं, तेही सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. मुलूख बहुतेक दुष्काळी. पंत स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायण चित्रांत मांडलं आणि ते १९१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, काढावी आणि ती सचित्र असावी, हा आग्रह त्यांचा. त्यासाठी लाख रुपये देण्याचं वचन त्यांनी दिलं आणि त्या खंडांसाठी चित्रंही काढली. १९३२ मध्ये त्यांचं अजिंठ्यावरचं पुस्तक आलं. सूर्यनमस्काराचा प्रसार, कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिलेली जमीन, १९३९ मध्ये प्रजेच्या हाती सोपवलेला राज्यकारभार, हे सगळं त्याच माणसाचं. वेदांचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले सातवळेकर मुळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तयार झालेले चित्रकार. त्यांनाही औंधात आसरा मिळाला. खुद्द लक्ष्मणराव किर्लोस्करही तरुणपणी चित्रकला शिकायला जे. जे. मध्येच गेले होते. १९३८ मध्ये डोंगरावर संग्रहालयाची इमारत उभी राहिली ती या माणसांच्या, या वातावरणाच्या मध्यभागी. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि पुढं संग्रहालय राज्य सरकारच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये खात्याकडं गेलं. म्हणजे ते आता तुमचं-माझं आहे, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल भांडण्याचा हक्कही आपला आहे.

शहरवाल्यांच्या बाजूला तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. त्यांचे तीन मुद्दे भक्कम आहेत. पहिला सुरक्षिततेचा. २००४ मध्ये शांतिनिकेतनच्या संग्रहालयातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं, ते आजतागायत सापडलेलं नाही. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या विद्यापीठांपैकी एकाच्या आवारात हे घडू शकतं, तर तालुक्यातल्या एका गावाची काय कथा? त्यात रविवर्म्याच्या एका चित्राला २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात अडतीस कोटी रुपये आले. एवढ्या किमतीची वस्तू कुठंही असो, तिच्यावर डोळा असणारच. दुसरा मुद्दा जतनाचा. तैलचित्राचा कॅनव्हास हवेतला ओलावा पितो, सैलावतो, कोरड्या हवेत पुन्हा ताणला जातो, आणि वर्षानुवर्षं असं झालं की रंगाचा थर तडकतो, पापुद्रे सुटतात. हे ओळखून वेळेवर हात घालणारा जाणकार शहरातच मिळतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचं स्वतंत्र केंद्र आहे, तसं तालुक्याला असणार नाही. तिसरा मुद्दा सगळ्यांत टोचणारा: पाहणाराच नसेल तर चित्र असून काय उपयोग? कोकणातल्या किंवा विदर्भातल्या कलाशिक्षकानं रविवर्मा पाहण्यासाठी रहिमतपूरला रेल्वेतून उतरून पुढं गाडी शोधत औंध गाठायचं, ही अपेक्षा न्याय्य आहे का?

हे तिन्ही मुद्दे मान्य करूनही, चित्रं उचलून शहरात न्यावीत हा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. सुरक्षिततेचंच घ्या. महाराष्ट्रातल्या चित्रकलेच्या इतिहासातला याबाबतचा सगळ्यांत मोठा धडा अजिंठ्याचा आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून पुढची कितीतरी वर्षं अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगांतल्या प्रती केल्या. त्या लंडनला रवाना झाल्या, कारण तिथं त्या सुरक्षित राहतील आणि जग त्या पाहील. १८६६ मध्ये सिडनमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत हंगामामागून हंगाम अजिंठ्याला जात राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्या कामात घडले. त्याही प्रती लंडनला गेल्या. १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यांतल्याही पुष्कळ गेल्या. राजधानीत, साम्राज्याच्या सर्वांत श्रीमंत शहरात, दोनदा. आणि ज्या लेण्यांबद्दल सगळ्यांना काळजी होती ती वाघूर नदीच्या काठी उभी राहिली. हे फार जुनं झालं म्हणाल, तर २०१६ मध्ये दिल्लीतल्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाची एका रात्रीत राख झाली. २०१८ मध्ये रिओमधल्या ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाचीही तीच गत झाली. वस्तू वाचते ती नोंदवही नीट ठेवल्यानं, पहारा नेमल्यानं, विजेच्या तारा वेळेवर बदलल्यानं आणि आगीची यंत्रणा चालू राहिल्यानं. यांतली कोणती गोष्ट औंधात करता येत नाही? पैसे नाहीत असं म्हणावं तर स्थलांतरालाही पैसे लागतातच. नवी दालनं, नवी साठवण, नवी वातानुकूलन यंत्रणा शहरातच स्वस्तात होते असं कोणी सांगितलं?

हवेचा मुद्दा तर उलटाच आहे. मुंबईची हवा समुद्राची, खारी. पावसाळ्याचे चार महिने ती इतकी ओली असते की चोवीस तास यंत्रं चालवल्याशिवाय कॅनव्हास आणि कागद बुरशीपासून वाचत नाहीत. खटाव-माणचा टापू पर्जन्यछायेतला. तिथं माणसांच्या नशिबी जो कोरडेपणा आला आहे, तो चित्रांना बऱ्याच अंशी मानवतो. उन्हाळ्यातला ताप आणि पावसाळ्यातला ओलावा यांतला फरक आवरावा लागेल हे खरं. पण जाड भिंती, योग्य जागी खिडक्या, पडदे, अधूनमधून तपासणी एवढ्यावर निम्मं काम होतं. उरलेल्या कामासाठी संवर्धकाला औंधात बोलावता येतं. डॉक्टर गावात नाही म्हणून सगळं गाव शहरात हलवत नाहीत.

आता पाहणाऱ्यांचा मुद्दा. ‘औंधला कोण जातं?’ असं विचारणाऱ्यांना तिथं जाणारे लोक दिसतच नाहीत. यमाई ही महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी आहे. लग्न झालं की नवं जोडपं जातं, पौषातल्या यात्रेला माणूस लोटतो, एरवीही मंगळवार-शुक्रवारी वाहनं लागलेली असतात. पंतांनी संग्रहालय राजवाड्याच्या आवारात बांधलं नाही, बाजारपेठेतही बांधलं नाही. देवीच्या वाटेवर बांधलं. ही जागा सहज निवडली गेली असेल असं मला वाटत नाही. ज्या माणसानं रामायण चित्रांत उतरवलं आणि महाभारत सचित्र छापायचा ध्यास घेतला, त्याला दर्शनाला निघालेला शेतकरी, माहेरवाशीण, शाळकरी पोर हाच आपला प्रेक्षक वाटत होता, असाच अर्थ मी लावतो. असा प्रेक्षक मुंबईतल्या कुठल्याही कलादालनाला हेवा वाटावा इतका मोठा आहे. तो दारावरून जातो. त्याला आत यावंसं वाटत नसेल, आत येऊन काही कळत नसेल, तर दोष मांडणीचा आहे. तो दोष गावाच्या माथी मारून चित्रं उचलून नेणं म्हणजे ज्यांच्यासाठी ती आणली होती त्यांनाच त्यांच्यापासून तोडणं.

तोडण्याचा परिणाम काय होतो ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. प्रवरेच्या खोऱ्यात दायमाबादला १९७४ मध्ये कांस्याच्या चार अप्रतिम वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ. आज त्या मोठ्या शहरांतल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत आणि तिथं त्यांची निगा उत्तम राखली जाते, याबद्दल तक्रार नाही. पण श्रीरामपूरच्या शाळेतल्या किती मुलांना ठाऊक असतं की आपल्या शिवारात चार हजार वर्षांपूर्वी एवढी कला होती? याच्या उलट उदाहरण तेरचं. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर पांढरीच्या टेकाडांवरून, शेतांमधून सापडलेल्या वस्तू जमवल्या आणि त्या तेरमध्येच राहिल्या. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं नातं अभ्यासक थेट इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी जोडतात. ते पाहायला जाणकाराला तेरला जावं लागतं, आणि गेल्यावर तो त्रिविक्रमाचं देऊळ पाहतो, नदी पाहतो, ज्या मातीतून ती मूर्ती आली ती माती पाहतो. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधली ब्रह्मपुरीला सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्तीही तशीच. पंचगंगेच्या काठावर रोमन जगाशी व्यापार चालत होता ही गोष्ट पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर ऐकली की तिचं वजन वेगळं असतं.

म्हणजे मी दुसऱ्या तटाचा झालो का? नाही. ‘एकही चौकट हलणार नाही’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. वस्तू जपायची तर ती काही काळ भिंतीवरून उतरवावीच लागते. कागदावरच्या लघुचित्रांना उजेडाचं वावडं असतं. जगभरची संग्रहालयं त्यांच्यावर पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर प्रकाश पडू देत नाहीत आणि काही महिन्यांनी ती काळोखात विसाव्याला ठेवतात. वर्षानुवर्षं एकाच जागी एकाच उजेडात टांगलेलं लघुचित्र रोज थोडं थोडं पुसलं जात असतं. तेव्हा ‘जे आहे ते सगळं, कायम, जागेवर’ हा हट्ट प्रेमापोटी असला तरी चित्रांच्या मुळावर येणारा आहे. दुसरं असं, की आलेल्या माणसाला हजारो वस्तू एका दमात दाखवल्या की त्याच्या डोळ्यांपुढं एकही उरत नाही. चौकटीला चौकट लावून भरलेल्या भिंतींपुढून लोक पायांची गती न मोडता निघून जातात, हे आपण सगळ्यांनीच कुठल्या ना कुठल्या संग्रहालयात पाहिलं आहे. निवड हवीच. आणि चार-सहा महिन्यांसाठी, लेखी करारावर, विमा उतरवून एखादं चित्र मुंबईला पाठवायलाही हरकत नसावी. २०१७ च्या अखेरीस मुंबईत ब्रिटिश म्युझियममधल्या आणि भारतभरच्या संग्रहालयांतल्या वस्तू एकत्र मांडून मोठं प्रदर्शन झालं. वस्तू आल्या, लाखमोलाच्या आल्या, आणि आपापल्या घरी परतल्या. जाणं-येणं आणि कायमचं जाणं यांत आपण गल्लत करतो म्हणून हा वाद विनाकारण चिघळतो.

खरा प्रश्न निवडीच्या निकषाचा आहे. शंभरात दहा निवडायच्या तर कोणत्या? नावावरून निवडलं तर उत्तर सोपं आहे: रविवर्मा, मूरचं ‘माता आणि बालक’, मग चित्रकार धुरंधर, मग जमलं तर काही पहाडी आणि मोगल शैलीची लघुचित्रं. बाहेर काय राहील? युरोपीय चित्रांच्या आणि शिल्पांच्या प्रतिकृती, पंतांच्या पदरी राहून काम केलेल्या, आज नावंही विस्मरणात गेलेल्या चित्रकारांचं काम, पाथरवटांनी घडवलेली संगमरवरी सहा ऋतूंची शिल्पं, चंदनातलं आणि हस्तिदंतातलं कोरीवकाम, खुद्द पंतांची चित्रं. यांना दुय्यम म्हणून अडगळीत टाकायला कलेचा जाणकार म्हणवणारे अनेकजण एका पायावर तयार असतात. माझं म्हणणं अगदी उलट आहे. औंध हे औंध आहे ते या ‘दुय्यम’ वस्तूंमुळं. मूरची शिल्पं जगातल्या पुष्कळ शहरांत आहेत, रविवर्मा बडोदा, तिरुवनंतपुरम, म्हैसूर इथं भरभरून पाहता येतो. पण दुष्काळी मुलखातल्या एका राजानं जगातली कला आपल्या प्रजेच्या वाटेवर आणून ठेवायचं ठरवलं तेव्हा त्यानं काय काय गोळा केलं, हे पाहायला जगात एकच जागा आहे.

प्रतिकृती म्हटलं की नाक मुरडायची सवय आपल्याला कुठून लागली? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १८७३ पासून प्लास्टरच्या प्रतिकृतींची दोन प्रचंड दालनं आहेत. ट्रेजनचा स्तंभ, मायकेलअँजेलोचा डेव्हिड, सगळं साच्यातून काढलेलं. विसाव्या शतकात अशा प्रतिकृतींना बनावट ठरवून युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी संग्रहालयांनी त्या फोडल्या, विकल्या, तळघरांत ढकलल्या. लंडननं ठेवल्या. आता रोममधल्या मूळ स्तंभावरचं कोरीवकाम धुरानं आणि पावसानं झिजलं आहे आणि अभ्यासकांना बारकावे शोधायला त्या प्लास्टरकडं यावं लागतं. आपल्याकडं अजिंठ्याचंही तेच झालं. भित्तिचित्रांवर पुढं पुढं वॉर्निश चढलं, ते पिवळं पडलं, रंग मावळले. ग्रिफिथ्सच्या ज्या प्रती आगीतून वाचल्या त्यांत आज मूळ चित्रांत न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. प्रत काढणारा हात ही त्या काळाची नजर असते. साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या चित्रकारानं युरोपीय चित्राची प्रत करताना कुठं सावली जास्त गडद केली, चेहऱ्याचा रंग कसा बदलला, हे पाहताना महाराष्ट्रात आधुनिक चित्रकला कशी रुजली ते डोळ्यांनी दिसतं. हे दाखवणारा पुरावा आपल्याकडं किती ठिकाणी उरला आहे?

आणि ज्याच्या अस्सलपणाचा एवढा गजर होतो तो रविवर्मा महाराष्ट्राच्या घरोघरी पोचला कशानं? मूळ तैलचित्रांनी नव्हे. १८९४ मध्ये त्यानं मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या रंगीत छापील तसबिरींनी लक्ष्मी आणि सरस्वतीचा चेहरा आपल्या देवघरात कायमचा ठरवून टाकला. आपल्या पणज्यांनी हात जोडले ते प्रतींपुढं. मग संग्रहालयात मूळ चित्राशेजारी त्याची मळवलीची तसबीर लावायला लाज का वाटावी? उलट यमाईच्या दर्शनाहून परतणाऱ्या आजीबाई त्या तसबिरीपुढं थबकतील, कारण ती त्यांनी घरात पाहिलेली असेल, आणि मग शेजारच्या मोठ्या चित्राकडं त्यांची नजर आपसूक जाईल. जाणकारासाठी लावलेला एकटा रविवर्मा हे काम करू शकत नाही.

नामवंतांच्या यादीवर विसंबलं तर काय गमावतं हे पुण्यानं फार पूर्वी दाखवून दिलं आहे. दिनकर केळकरांनी जमवलेल्या वीसेक हजार वस्तूंत नामवंत कलाकाराची वस्तू शोधायला गेलात तर निराश व्हाल. दिवे, अडकित्ते, वज्री, कुलपं, दौती, फण्या. घडवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. जागेअभावी त्यांतल्या थोड्याच वस्तू मांडता येतात, म्हणजे निवड तिथंही आहेच. पण ती केळकरांच्या नजरेनं केलेली आहे: रोजच्या वापरातल्या वस्तूत सौंदर्य कुठं लपलं आहे, ही त्यांची नजर. म्हणून राजा केळकर संग्रहालयातून बाहेर पडणारा माणूस घरी जाऊन माळ्यावरचा अडकित्ता खाली काढतो. बडोद्याचं संग्रहालय सयाजीराव महाराजांच्या नजरेनं घडलं. प्रजेला सगळ्या जगाचं ज्ञान एका छताखाली मिळावं, म्हणून तिथं देवमाशाचा सांगाडा आणि युरोपीय तैलचित्रं एकाच संस्थेत नांदतात. दोन्ही ठिकाणी संग्राहकाचा हेतू हीच निवडीची किल्ली आहे. औंधला वेगळा न्याय का?

इथं एक आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. पंतांचा हेतू, पंतांची नजर, असं घोकत राहणं म्हणजे सरंजामी आवडीनिवडीची आरती ओवाळणंच नाही का? ज्या रयतेला पाणी पुरत नव्हतं तिच्या शेतसाऱ्यातून ही चित्रं आली. ‘प्रजेसाठी’ म्हणून राजानं जे निवडलं त्यात प्रजेची स्वतःची कला किती? धनगरांची ओवी, घोंगडीची वीण, कुंभाराचं चाक, भिंतीवरची चित्रं, यांना त्या दालनांत जागा होती का? हा प्रश्न टाळता येत नाही आणि टाळूही नये. पंतांची अभिरुची त्यांच्या काळाची आणि वर्गाची होती. पुराणकथा, शिवचरित्र, युरोपीय रेखांकनाची शिस्त यांच्या पलीकडं ती फारशी गेली नाही. पण या आक्षेपातून निघतं काय? संग्रह शहरात न्यावा, हे तर मुळीच निघत नाही. रयतेच्या पैशानं आलेलं रयतेपासून आणखी दूर नेणं हा कुठला न्याय? आणि फक्त रविवर्मा-मूर दाखवावेत हेही निघत नाही. निघतं ते एवढंच, की पंतांचा संग्रह दाखवताना त्याच्या मर्यादाही दाखवाव्यात. हे चित्र कोणत्या साली आलं, त्या साली संस्थानात पाऊस किती झाला, सारा माफ झाला होता का, हे फलकावर लिहायला काय हरकत आहे? ज्या राजानं १९३९ मध्ये आपली सत्ता गावपंचायतींकडं सोपवायचा कायदा केला, त्याच्या संग्रहालयात एवढी स्पष्टता शोभून दिसेल. आणि खटाव-माणच्या लोककलेसाठी एक दालन नव्यानं भरावं. संग्राहक गेला म्हणून संग्रह वाढायचा थांबला पाहिजे असं कुठं आहे?

माझ्या हाती निवड दिली तर मी जोड्या लावीन. रविवर्मा आणि त्याची तसबीर. किरातार्जुनाच्या कथेवरची लघुचित्रं आणि पंतांनी स्वतः काढलेली रामायण-महाभारताची चित्रं, म्हणजे उत्तरेतल्या पहाडांतली रेषा आणि जे. जे. च्या वळणाची रेषा एकाच महाकाव्यापाशी कशी येते ते दिसेल. मूरचं माता-बालक एकटं चौथऱ्यावर ठेवून त्याभोवती मखमली दोर बांधणार नाही. आपल्याकडच्या मातृदेवतांची आणि कडेवर मूल घेतलेल्या स्त्रियांची चित्रं त्याच्या आसपास असतील. डोळे-नाक जवळजवळ नसलेल्या त्या दगडात आईपण कसं उतरलं हे कळायला यमाईच्या दर्शनाहून आलेल्या माणसाला कलेच्या इतिहासाचा वर्ग लागत नाही. गावोगावच्या शेंदूर लावलेल्या, बिनचेहऱ्याच्या दगडात माउली पाहायची सवय त्याच्या डोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. हा फायदा लंडनच्या किंवा मुंबईच्या प्रेक्षकाला नाही. संगमरवरी ऋतू बाहेरच्या ऋतूप्रमाणं पुढं आणीन: ज्येष्ठात ग्रीष्म, श्रावणात वर्षा. शाळांच्या सहली बारमाही येत असतात. दर खेपेला काही नवं दिसेल, आणि नाजूक वस्तूंना विसावाही मिळेल.

हे सगळं करायला लागणारी पहिली गोष्ट स्वस्त आहे आणि ती नसली तर बाकी सगळं हवेत: संपूर्ण संग्रहाची छापील, सचित्र, मराठी सूची. कोणती वस्तू, कोणाची, कोणत्या साली आली, कशी आली, आज कोणत्या अवस्थेत आहे. अशी सूची असली की चोरीला आळा बसतो, कारण नोंदलेली, छायाचित्र प्रसिद्ध झालेली वस्तू विकणं अवघड असतं. दुसऱ्या संग्रहालयाला चित्र उसनं द्यायचं तर त्याचा आधार तीच. संवर्धकानं आधी कशाला हात घालायचा तेही तीच सांगते. आणि औंधचं वैभव म्हणजे रविवर्मा आणि मूर, असं म्हणणाऱ्या दोन्ही तटांपुढं ठेवायलाही तीच लागते. सरकारी खात्याला हे झेपणार नाही असं कोणी म्हणेल, तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडं बोट दाखवता येईल. १८७२ ची ती वास्तू महापालिकेच्या मालकीची, तिचीही अशीच उपेक्षा झालेली. २००३ ते २००८ या काळात महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून ती जागेवरच सावरली, आणि तिथली मातीची छोटी माणसं, बारा बलुतेदारांचे नमुने, ज्यांना कोणी महान कला म्हणत नव्हतं, तीच आज त्या संग्रहालयाची ओळख आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत चित्रकलेची महाविद्यालयं आहेत, कलाशिक्षक आहेत, कॅमेरा हाती असलेली मुलं आहेत. खात्यानं एक जाणकार सूचीकार दोन वर्षांसाठी औंधात नेमावा, या मुलांना त्याच्या हाताखाली द्यावं, आणि काम रविवर्म्यापासून सुरू न करता पंतांच्या पदरच्या चित्रकारांपासून सुरू करावं, कारण त्यांची नावं सांगू शकतील अशी माणसं औंधात आता थोडीच उरली असणार.